सतरा जूनचा फटका

हॅडन्स फोर्ड, दक्षिण कॅरोलायना
१२ ऑक्टोबर १९५३

रोस्को,

मी लायमन पेटिग्रू. गोऱ्यांच्या हायस्कुलात लॅटिन शिकवतो आणि उन्हाळ्यात आपल्या बेसबॉल संघाच्या घरच्या सामन्यांचा अधिकृत गुणलेखक असतो. वर्तमानपत्रवाल्यांच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पेन्सिल घेऊन बसलेला तू पाहिला असशील, तो मी. आपण कधी बोललेलो नाही.

पाच आठवडे एक चेंडू माझ्या डोक्यातून जात नाही. सप्टेंबरातल्या कामगारदिनाच्या सामन्यात, आठव्या डावात, तू मारलेला जमिनीलगतचा चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातमोज्यातून निसटला आणि तू पहिल्या बेसवर पोचलास. चेंडू पकडण्यासारखा होता असं मानून मी ती क्षेत्ररक्षकाची चूक धरली. म्हणजे तुझ्या नावावर फटका लागला नाही. त्या वेळी मी बेरजा केल्या नव्हत्या, हे खरं सांगतो. घरी येऊन केल्या. तुझे ४१२ पाळ्यांत १३७ फटके, आपल्याच संघातल्या डॅबनी स्टोक्सचे ४३६ पाळ्यांत १४६. तो एक तुला दिला असता तर तू नखभर पुढे गेला असतास आणि साखळी स्पर्धेतला अव्वल फलंदाज ठरला असतास.

अव्वल येणाऱ्याला वरचा संघ मार्चमध्ये फ्लोरिडाच्या शिबिराला बोलावतो. तुला पुढच्या वर्षी इथेसुद्धा ठेवायचं की नाही याबद्दल मॅनेजर गप्प आहे, असं ऐकतो. बाहेरगावी तुझ्यासाठी वेगळी खोली शोधावी लागते म्हणून तो कुरकुरत असतो.

डॅबनी दोन वर्षं माझ्या वर्गात होता. त्याने मारलेला चेंडू असता तर मी काय लिहिलं असतं? हा प्रश्न मी रोजनिशीत चारदा लिहिला आणि चारही वेळा खाली रेघ मारून सोडून दिला.

साखळीचे सचिव १४ नोव्हेंबरला आकडे कायमचे पक्के करतात. तोवर गुणलेखकाला आपला निर्णय बदलता येतो. तूच सांग, तो चेंडू पकडण्यासारखा होता का?

लायमन पेटिग्रू

*

हॅडन्स फोर्ड
१७ ऑक्टोबर

मिस्टर पेटिग्रू यांस,

रोस्को इथे नाही. तो पोर्तो रिकोत पोन्से गावी हिवाळी सामने खेळायला गेला आहे. त्याची पत्रं मी उघडते, तसं आमचं ठरलेलं आहे. मी त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याकडेच वाढला. मी काळ्यांच्या शाळेत गणित शिकवते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, कारण या मोसमातला प्रत्येक घरचा सामना मीही वहीत उतरवला आहे. उजव्या कुंपणाजवळच्या, बिनछपराच्या आमच्या बाकांवर बसून. तुमची माझी कधी नजरानजर झाली नसेल, पण एकच सामना आपण दोघं दोन टोकांनी लिहीत होतो.

कामगारदिनाचा तो चेंडू पकडण्यासारखाच होता. शॉर्टस्टॉपला पाऊलसुद्धा हलवावं लागलं नाही. मीही तिथे चूकच लिहिली. शेजारी बसणारे म्हातारे मिस्टर युबँक्स माझ्यावर उखडले. "अगं बाई, भाऊ आहे तुझा तो! निदान तुझी पेन्सिल तरी त्याच्या बाजूने चालव की." मी म्हटलं, "पेन्सिलीला भाऊ नसतो, मिस्टर युबँक्स." ते म्हणाले, "अस्सं? वर बसलेल्या त्या साहेबाच्या पेन्सिलीला तर अख्खं गणगोत आहे."

तेव्हा त्या चेंडूपायी तुमची झोप उडाली असेल तर खुशाल झोपा.

पण विचारलंच आहे, तर सांगते. वर्षभरात दोन जागी तुमची वही आणि माझी वही जुळत नाही. वर्तमानपत्रातल्या आकड्यांशी मी दर आठवड्याला ताडून बघते, म्हणून मला माहीत. १७ जून, तिसरा डाव: रोस्कोचा चेंडू समोरून फेकणाऱ्या पिचरच्या नडगीवर आदळून तिरका उडाला. तुम्ही पिचरची चूक धरलीत. ५ ऑगस्ट, सहावा डाव: तिसऱ्या बेसजवळचा उसळता चेंडू. तिथेही चूक. माझ्याकडे दोन्ही फटके आहेत.

त्याबद्दल तुम्हाला कधी काही वाटलं का?

मिसेस आयडेला मॅब्री

*

२१ ऑक्टोबर

आयडेला,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं आणि मग लगेच बरं वाटेनासं झालं.

५ ऑगस्टचं मला स्पष्ट आठवतं. चेंडू हलक्या हाताने घेण्यासारखा उसळला होता, तिसऱ्या बेसवाल्याने घाई केली. तिथे मी बदलणार नाही. १७ जूनचं मात्र काहीच आठवत नाही. मोसमाची वही वर्तमानपत्राच्या कचेरीत आहे आणि ती मागितली की संपादक कारण विचारणार.

मी वेगळंच सुचवतो. कामगारदिनाचाच निर्णय बदलतो. त्या चेंडूबद्दल गावात तसाही वाद आहे. न्हाव्याच्या दुकानात मी दाढीला बसलो असताना ऑटिस न्हावीच म्हणत होता, "मास्तर, काही म्हणा, तो चेंडू अवघडच होता हां. माझ्यासारख्याने तर डोळेच मिटले असते." तिथे बदल केला तर कुणाला नवल वाटणार नाही, कुणावर ठपकाही येणार नाही. "पुन्हा विचार केला" एवढं लिहिलं की झालं. रोस्कोला एक फटका मिळेल, आणि हवा आहे तो एकच.

तुझा होकार आला की सचिवांना लिहितो.

लायमन पेटिग्रू

*

२५ ऑक्टोबर

मिस्टर पेटिग्रू यांस,

आधी एक गोष्ट. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि पत्राखाली मी माझं नाव जसं लिहिते तसंच ते मला तुमच्या पत्राच्या वरती वाचायला आवडेल.

५ ऑगस्ट मी सोडते. आमच्या बाकांवरून तिसरा बेस आणि आमचे डोळे यांच्या मध्ये सरबताच्या टपरीचं छप्पर येतं. चेंडू कसा उसळला ते मी पाहिलं नाही, लोकांच्या ओरडण्यावरून लिहिलं. तसं लिहायला नको होतं.

पण कामगारदिनाचा फटका आम्हाला नको. तो त्याने मारलेला नाही. जो मारला तो तुम्ही विसरलात, आणि जो मारला नाही तो देऊ करता आहात, कारण तो द्यायला सोपा आहे. उद्या फ्लोरिडात कुणी म्हणालं, की याला गावच्या मास्तरने दया म्हणून अव्वल केलं, तर मी काय उत्तर देऊ? माझ्याच वहीत तिथे चूक लिहिली आहे.

१७ जूनची वही बघा. संपादकाने कारण विचारलं तर सांगा.

मिसेस आयडेला मॅब्री

ता.क. तुमच्या सूचनेबद्दल मी रोस्कोला कळवलं आहे. त्याच्यापासून लपवणं मला बरं वाटलं नाही.

*

पोन्से, पोर्तो रिको
३० ऑक्टोबर

अगं डेल,

तुला वेड लागलंय का? खरंच विचारतोय. तो माणूस आपणहून फटका देतोय आणि तू म्हणतेस, हा नको, तो द्या! बाजारात भोपळा निवडतेस का?

हिशेबात फटका हा फटका असतो. तिथे तारीख कोण बघतं? चार वर्षं मी पोटऱ्या झिजवतोय. बसमध्ये मागे बसतो, इतर सगळे हॉटेलात उतरले की मी कुणा पाद्रीबाबाच्या स्वयंपाकघरात खाट टाकतो. सकाळी बस मला घ्यायला विसरली तर मीच धावत जातो. आणि हे सगळं मार्चमधल्या एका बोलावण्यासाठी. तुझ्या वहीसाठी नाही गं.

इथलं सांगू? इथे मी पुढच्या दाराने आत जातो. काल सामना झाल्यावर एका म्हातारीने भर चौकात माझा हात धरून मला तळलेली केळी आणि डुकराचं मटण खाऊ घातलं, आणि पैसे द्यायला गेलो तर मलाच शिव्या दिल्या. शिव्या कळल्या नाहीत, पण सूर तुझाच होता. चार सामन्यांत सात फटके झालेत. रात्री शांत झोप लागते. आणि मग तुझं पत्र येतं!

१७ जूनचा तो चेंडू मला आठवतो. पिचर दोन डाव लंगडत होता. पण डेल, तो साहेब त्या दिवसाची वही उघडणार नाही. तू त्याला जे जमत नाही ते मागते आहेस आणि १४ तारीख निघून जाईल. मी चोवीस वर्षांचा आहे. पायात अजून किती वर्षं धाव उरली असेल, सांग?

घे तो फटका. माझ्यासाठी घे. मग आयुष्यभर माझ्याशी भांड.

रोस्को

*

३ नोव्हेंबर

मिसेस मॅब्री यांस,

मी वही आणली. संपादकाने कारण विचारलं. मी म्हणालो, एक बेरीज तपासायची आहे. म्हणजे खोटं बोललो, हे तुम्हाला सांगणं भाग आहे.

१७ जून, तिसरा डाव. माझ्या अक्षरात तिथे पिचरची चूक लिहिलेली आहे. बाजूला बारीक टीप आहे: "नडगीवर, जोरात." जोरात. नडगीवर आदळलेला जोराचा चेंडू पिचरने पकडायला हवा होता, असं मी त्या दिवशी कशावरून ठरवलं, कळत नाही.

मग मी पानं उलटत गेलो. ९ जुलै, पाचवा डाव, डॅबनी स्टोक्स. चेंडू पिचरच्या गुडघ्यावर आदळून उडाला. तिथेही माझी टीप आहे: "गुडघ्यावर, जोरात." आणि पुढे फटका. बरोबरच लिहिला आहे. तो फटकाच होता.

दोन्ही नोंदी त्याच पेन्सिलीच्या, एकाच अक्षरातल्या, मध्ये बावीस दिवस. रोस्कोचं वाईट व्हावं असं मनात आणून मी काही लिहिलं नाही, असं मला म्हणायचं आहे. पण मनात आणावं लागलंच नाही, हे जास्त वाईट की कमी, ते तीन दिवस ठरवू शकलेलो नाही. वर्गात पोरं लॅटिनची रूपं म्हणत असतात आणि मी खिडकीतून मैदानाच्या दिव्यांचे खांब मोजत उभा असतो.

बदल केला तर काय होईल तेही लिहितो. डॅबनीचा बाप गिरणीत वरच्या हुद्द्यावर आहे आणि गावातली निम्मी घरं त्या गिरणीवर चालतात. लोक म्हणणार, मास्तरला आत्ताच कसं सुचलं? म्हणून एक विनंती आहे. तुमची वही मला द्याल का? ती माझ्या पत्राला जोडली तर सचिवांना दिसेल की दुसऱ्या कुणीतरी त्याच दिवशी तिथे फटकाच लिहिला होता. माझ्या शब्दाला आधार होईल.

उत्तर लवकर द्या. अकरा दिवस राहिले.

लायमन पेटिग्रू

*

६ नोव्हेंबर

मिस्टर पेटिग्रू यांस,

तुमचं पत्र मी आल्या दिवशी वाचलं, काल पुन्हा वाचलं आणि आज लिहिते आहे. रोस्कोला मात्र अजून उत्तर लिहिलेलं नाही. त्याला काय लिहू?

१७ जून आणि ९ जुलै तुम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलंत, याची मी नोंद घेते. ते सोपं नव्हतं.

माझ्या वहीबद्दल. साखळीचे नियम मी वाचले आहेत. गुणलेखकाने निर्णय बदलायचा तर एक ओळ आणि त्याची सही पुरते. कुणाची साक्ष लागत नाही, कुणाची वही लागत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग वही कशाला?

मी सांगू? उद्या ऑटिसच्या दुकानात कुणी विचारलं, तर तुम्हाला म्हणता येईल, "मी काय करणार, काळ्यांच्या शाळेतली ती बाई वही घेऊन मागेच लागली." आणि ते ऐकून गोऱ्यांचं शाळामंडळ मला बोलावून घेईल. माझी नेमणूक दर जूनला तेच करतात. या गावात सध्या आमच्यातल्या कुणी कसलाही अर्ज केला की त्याची खुर्ची जाते, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचत नसाल, कारण ते छापत नाहीत.

तुम्ही असं ठरवून मागितलंत, असं मी म्हणत नाही. तुमच्याच शब्दांत, मनात आणावं लागलंच नसेल.

तुम्ही चूक लिहिलीत तेव्हा आधार मागितला नव्हता. आता फटका लिहितानाही मागू नका.

मिसेस आयडेला मॅब्री

*

९ नोव्हेंबर

मिसेस मॅब्री यांस,

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला. तो दोन दिवस टिकला. आज सकाळी गेला आणि मागे काही उरलं नाही, एवढंच की तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

गुरुवारी, १२ तारखेला सकाळच्या गाडीने स्वतः जाऊन सचिवांच्या हातात चिठ्ठी देतो. टपालावर सोडलं तर मी पेटीपाशी घुटमळत बसेन, माझं मला माहीत आहे. एकच ओळ लिहिली आहे: "१७ जून, तिसरा डाव, रोस्को गॅडिस: पिचरची चूक रद्द, फटका." खाली माझी सही. तुमचं नाव कुठेही नाही.

त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर कळवा.

लायमन पेटिग्रू

*

१३ नोव्हेंबर

मिसेस मॅब्री यांस,

झालं. काल सचिवांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पाच महिन्यांनी?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "यामुळे पहिला नंबर बदलतो, कल्पना आहे ना?" मी म्हणालो, "आहे." "पुरावा?" मी म्हणालो, "मी तिथे होतो." त्यांनी शिक्का मारला. उद्या दुपारी बाराला आकडे पक्के होतील: रोस्को गॅडिस ४१२ पैकी १३८.

मी घरी पोचायच्या आत बातमी गावात आली होती. डॅबनीचा बाप फाटकापाशी उभा होता. ओरडला नाही. म्हणाला, "लायमन, माझ्या पोराने तुझं काय घोडं मारलं होतं रे?" मी म्हणालो, "त्याने काहीच नाही केलं, जे केलं ते मी." त्याला ते कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी संपादकाने दुसरा गुणलेखक बघितला आहे. ऑटिसने आज दाढी केली, पण एक शब्द बोलला नाही. तो गप्प बसतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं होतं, हे केलं की जीव शांत होईल. तसं झालेलं नाही. वही परत द्यायची आहे, तोवर मी पानं उलटतोच आहे.

रोस्कोला तार करा.

लायमन पेटिग्रू

*

१६ नोव्हेंबर

मिस्टर पेटिग्रू यांस,

तार केली. त्याची उलट तार आली, तिच्यात फक्त माझं नाव आहे, सहा वेळा. तारेचे पैसे शब्दागणिक पडतात हे त्याला कधी समजायचं!

तुम्ही केलंत त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवेत आणि मानते. पण ते मानून पत्र संपवता येत नाही.

सोबत घडी घातलेला कागद आहे. तो मी ११ तारखेला लिहिला. त्या दिवशी युद्धविरामाची सुट्टी होती, टपाल बंद होतं, म्हणून तो घेऊन मी दुपारी चालत निघाले. आपल्या दोघांच्या घरांत जेमतेम मैलभर अंतर आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चर्चच्या भिंतीला टेकून मी उभी राहिले. तुमच्या घराचं निळं दार तिथून दिसतं. तुमच्या पत्नी अंगणातली पानं गोळा करत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं, बहुतेक कुणाची कामवाली असेन असं समजून पुन्हा कामाला लागल्या. मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मग घरी परत आले. शाळेच्या वाटेवर टपालपेटी लागते. तिच्यावरून मी गुरुवारी आणि शुक्रवारी गेले आणि आले.

आकडे शनिवारी पक्के झाले. आता सचिवांनाही ते बदलता येत नाहीत, तो नियमही मी वाचला आहे. तो वाचूनच आज हे पाठवते आहे. यात मला कुठे सूट देऊ नका. मी स्वतःला देत नाही.

रोस्कोला यातलं काही माहीत नाही. त्याला मी सांगेन, पण मार्चनंतर.

मिसेस आयडेला मॅब्री

(सोबतचा कागद)

११ नोव्हेंबर

मिस्टर पेटिग्रू यांस,

त्याआधी काही सांगायचं असेल तर कळवा, असं तुम्ही लिहिलंत. सांगायचं आहे.

माझी वही मी दिली नाही, त्याची जी कारणं लिहिली ती खरी आहेत. पण ती सगळी नाहीत. वही तुमच्या हातात गेली असती तर तुम्ही ४ जुलैचं पान पाहिलं असतं.

त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाचा बँड होता, महापौर होते, बाक खच्चून भरले होते. सातव्या डावात रोस्कोने तिसऱ्या बेसकडे एक मऊ चेंडू ढकलला आणि तो तिथल्या पोराच्या दोन पायांमधून निघून गेला. माझ्या सातवीच्या वर्गातला मुलगाही म्हणाला असता की चूक आहे. या वेळी टपरीचं छप्पर आड नव्हतं, कारण गर्दीमुळे आम्ही कुंपणालगत उभे होतो. मी चूक लिहिली. फलकावर बघते तर फटका लागलेला. मिस्टर युबँक्स हसून हसून खोकायला लागले. "बघ, बघ! आज साहेब सणाच्या खुशीत आहेत. लिही पोरी, देतायत तर घे!" आमची सगळी बाकं हसली. मीही हसले. माझ्या वहीत चूकच राहिली.

आपल्या दोघांच्या वह्या दोन जागी जुळत नाहीत, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तीन जागी जुळत नव्हत्या. १७ जून त्याचा आहे. ४ जुलै त्याचा नाही. दोन्ही सुधारले तर तो १३७ वरच राहतो आणि डॅबनी स्टोक्स अव्वल ठरतो. एक सुधारून दुसरा गिळायचा असेल तर कामगारदिनाच्या फटक्याबद्दल मी तुम्हाला जे सुनावलं ते कुठल्या तोंडाने?

तुम्ही उद्या सकाळी निघणार. त्याआधी हे तुमच्या हाती पडलंच पाहिजे, म्हणून मी स्वतः आणून देते आहे.

मिसेस आयडेला मॅब्री